उलट्या धारेचा चाकू

सात रस्त्याजवळ धार लावणाऱ्या इस्माईलचाचांनी मला मदत केली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बोलताना भलतीकडे जायची सवय आहे आणि मग ज्याचं नाव घ्यायचं तोच माणूस राहून जातो. आज माझ्या हातात जे काम आहे ते त्यांच्यामुळे आहे. त्यांच्या उजव्या डोळ्यात जो पांढरा डाग आहे तो माझ्यामुळे आहे. चाचांना ही दुसरी गोष्ट मान्य नाही. पण चाचांना बऱ्याच खऱ्या गोष्टी मान्य नसतात.

त्यांच्या मते सोलापुरातली निम्मी भांडणं घरातल्या विळीला धार नसल्यामुळे होतात. बाईला कांदा कापायला वेळ लागतो, नवरा जेवायला आधीच बसलेला असतो, तिथून सुरुवात. उरलेली निम्मी भांडणं धार असल्यामुळे होतात, असं समोरच्या झेरॉक्सवाल्यानं एकदा म्हटलं, तर चाचा त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

त्यांचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. वर पत्र्याचा तुकडा, खाली सायकलचं चाक जोडलेली सहाण, तिच्यावर थेंबथेंब पाणी सोडणारा एक गंजका डबा, आणि बसायला लाकडी स्टूल. दाराला कुलूप नाही, कारण दारच नाही. कुठं जायचं झालं की चाचा ते स्टूल सहाणेवर पालथं घालत. पालथं स्टूल म्हणजे दुकान बंद. हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं.

मेंदीनं लाल केलेली दाढी, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा. धार बघायची ती डाव्या हाताच्या केसांवर. त्यामुळे डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता आणि उजव्यावर जंगल. नवं हत्यार हातात आलं की आधी त्याचा वास घ्यायचे. धार लावून झाली की पातं वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे आणि प्रत्येकाला तेच सांगायचे, "गुस्से में कुछ काटना नक्को. भाजी भी नक्को."

गिऱ्हाइकांची नावं त्यांना कधी लक्षात राहिली नाहीत. माणूस जे घेऊन येईल ते त्याचं नाव. हॉटेलचा आचारी म्हणजे सत्तूर मास्टर. शिंपी म्हणजे कात्री शेठ. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या विळी मॅडम. मी नर्सरीच्या छाटणीच्या कात्र्या घेऊन जायची, पण कात्रीचं नाव आधीच गेलेलं. मग त्यांनी मला गावाचं नाव दिलं, गोंदिया.

"आली गोंदिया! काय करून राहिली?" माझं गावाकडचं बोलणं त्यांना फार आवडायचं. मी त्या चिडवण्यासाठीच बाजारचा दिवस मोजायची. इतक्या लांब माझ्या गावाचं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू येत नव्हतं.

मी सातवीतून शाळा सोडली. पुढची शाळा लांब होती, आणि घरात धाकटी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती. गावातल्या चौघी एका ओळखीनं सोलापूरजवळच्या नर्सरीत कामाला आलो. तिघी उन्हाळा बघून परत गेल्या. मी राहिले, कारण बहिणीला नर्सिंगला घातलं होतं आणि तिची फी माझ्या हातावर होती. हातावर म्हणते, पण हातच धड नव्हता.

नर्सरीत सीताफळाची कलमं बांधायची. गावठी रोप वरून छाटून त्याला मधोमध चीर द्यायची. चांगल्या जातीची काडी घेऊन तिला खालून दोन बाजूंनी तासून पाचर करायची. पाचर चिरेत बसवून वरून पट्टी गुंडाळायची. एवढंच काम. पण पाचरेच्या दोन्ही बाजू काचेसारख्या सपाट यायला लागतात. लाकडाला लाकूड चिकटलं नाही, मधे उजेड दिसला, की काडी काळी पडते. माझ्या सगळ्या काळ्या पडत.

आमची मुकादम इरव्वा, दुधनीकडची. कानडी आणि मराठी एकाच दमात बोलायची. माझ्या ओळीपाशी उभी राहून ती सगळ्यांना बोलवायची, "नोडु, नोडु! बघा की गं! हिचं कलम म्हंजे पाव्हणं. चार दिस ऱ्हातंय, पाणी पितंय, जातंय." बाया हसायच्या. मग ती माझ्याजवळ येऊन हळू म्हणायची, "हे बघ पोरी, ह्या हंगामात धरली न्हाईत तर मी मालकाला काय सांगू? पिशव्या भरायलाबी माणसं लई हायत."

मी डावरी आहे हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. घरी डाव्या हातानं घास उचलला की त्या हाताला फडकं बांधून ठेवायचे. नर्सरीत पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं, डाव्या हातानं बांधलेलं कलम धरत नाही. मी हात बदलला आणि गप्प बसले. चाकू उजव्या हातात आला की तो माझं ऐकत नसे. मी त्याला दोष देत नव्हते. सवय झाली होती.

तो चाकू मला जुन्या बाजारात मिळाला. गोणपाटावर नळाच्या तोट्या, कुलपं, सायकलच्या घंट्या, असला ढीग होता. उजव्या हातात भाजीची पिशवी होती म्हणून डाव्या हातानं उचलला. बोटाएवढं सरळ, जाड पातं. काळसर लाकडाची मूठ, तिला अंगठ्यासाठी खोलगट जागा. मुठीच्या मागच्या टोकाला शिंगाची चपटी, बोथट जीभ बसवलेली, नखाएवढी. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, कसली खूण नाही. पण अंगठा त्या खळगीत असा बसला, की मी दचकून आजूबाजूला पाहिलं. कुणी माझा हात धरलाय असं वाटलं.

"कशाचा आहे हो हा?"

"मला काय म्हाईत, बाई. पोत्यात आला. घिऊन टाका की."

घेतला, आणि भीती वाटायला लागली. मला कशाचीही वाटते. हा चोरीचा असेल, कुणीतरी ओळखेल, माझ्याच गळ्यात पडेल. दोन रात्री नीट झोपले नाही. बाजारच्या दिवशी चाचांपुढे ठेवला आणि मनातलं सगळं सांगून टाकलं. एक सोडून. तो मी डाव्या हातानं उचलला होता, हे नाही सांगितलं.

चाचांनी वास घेतला. चष्मा पुसला. परत वास घेतला.

"कंपनी का नहीं. किसीने बनवा लिया. एकाच माणसासाठी बनवलेला आहे." मग पातं उजेडात धरलं. "धार एकाच बाजूला. और वो भी गलत बाजूला! कोण गाढव कारागीर होता?"

"पण आहे कशाचा?"

"चमड्याचा," चाचा जराही न थांबता म्हणाले. "खाल उतारने का. हे शिंगाचं बघ, ह्यानं कातडं सोडवायचं. मेरेकू मालूम है. चल."

स्टूल पालथं झालं. कात्री शेठ कात्री घेऊन समोरून येत होता, त्याला चाचांनी हातानंच परत पाठवलं. आम्ही त्यांच्या मेहुण्याच्या मटणाच्या दुकानात गेलो. रशीदभाई फार शांत माणूस. त्यांनी चाकू उजव्या हातात घेतला, बकऱ्याच्या कातड्याला लावला, एकदा खाली ओढला आणि थांबले. कातड्याला भलतीकडेच भोक पडलं होतं.

"दुल्हेभाई," ते म्हणाले, "ये चाकू नहीं, मजाक है."

"तुमकू पकडना नहीं आता."

"तीस साल से पकडता मैं."

"तीस साल गलत पकडे होंगे."

परत येताना चाचांचा उत्साह कमी झाला नव्हता. आता तो पानवाल्याचा होता. पुढच्या बाजारी वह्या बांधणाऱ्याचा होता. त्याच्या पुढच्या बाजारी तबल्याची पुडी कापायचा. दर वेळी तितक्याच खात्रीनं. चाकू त्यांनी पत्र्याला दोरीनं टांगून ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, "हा कशाचा, सांगा बघू," म्हणून हातात द्यायचे. सत्तूर मास्टरनं बघितला, विळी मॅडमनी बघितला, दोन हवालदारांनी बघितला, तेव्हा मी कात्री शेठच्या दुकानात लपले होते. आपल्याकडे वस्तू घ्यायची ती उजव्या हातानं, द्यायची ती उजव्या हातानं. सगळ्यांनी घेतला, कागदावर चालवला आणि सांगितलं, बिघडलेला आहे.

मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर एवढं काही घडलंच नसतं. पण चाचांना त्यात मजा येत होती. आणि माझ्यासाठी कुणी एवढा खटाटोप करतंय, हे मला आणखी थोडे दिवस बघायचं होतं.

मग पेरूचा दिवस आला. चाचा चहा नेहमी बशीत ओतायचे आणि अर्धा गिऱ्हाइकाला द्यायचे. बशी माझ्या उजव्या हातात होती, भरलेली, गरम. गाडीवरचा पेरू मांडीवर होता. चाचांनी दोरीवरचा चाकू काढून दिला. "ले, काट. निदान पेरूचा तरी आहे का बघू." बशी खाली ठेवायला जागा नव्हती. मी विचार न करता डाव्या हातानं घेतला आणि पेरूवर दाबला.

फोड पडली ती कागदासारखी. पेरूवर राहिलेला भाग आरशासारखा सपाट.

सहाण थांबली.

"फिर से."

मी परत कापली.

"हात बदल."

बशी बदलली, हात बदलला. चाकू पेरूत वाकडा घुसला.

"अब वापस."

फोड पुन्हा कागदासारखी पडली. चाचांनी कपाळावर हात मारला आणि इतके हसले की चष्मा दोऱ्यासकट छातीवर आला. "अरे गोंदिया! सगळ्या सोलापूरच्या उजव्या हातात देत बसलो मी! धार गलत बाजूला नाही, आपण गलत बाजूला!" रस्त्यावरची माणसं बघायला लागली. "और तू? बोली कायकू नहीं?"

"घरी मारायचे," मी म्हटलं.

"कौन?"

"सगळेच."

चाचांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा चढवला, चाकू घेतला आणि मला काही न विचारता धार लावायला बसले. त्या दिवशी त्यांनी सहाणेवरून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सरीत मी शेडच्या टोकाला पाठ करून बसले आणि डाव्या हातानं पाचर तासली. दोन आठवड्यांनी काडीला हिरवं टोक फुटलं. शेजारच्या काडीलाही. इरव्वा माझ्या मागं येऊन कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटलं, संपलं आता.

"त्या कोपऱ्यात बस," ती म्हणाली. "थितं उजेड बरा हाय. अन् कुणाला हात दावू नगो."

तेव्हापासून त्या चाकूशिवाय माझं पान हलेना. उशाशी घेऊन झोपायची. दर बाजारी चाचांकडून धार लावून घ्यायची. अशाच एका बाजारी सांगोल्याकडचा एक मेंढपाळ मेंढ्या कातरायची मोठी कातर घेऊन आला. उंच, रापलेला, खांद्यावर घोंगडी. चाचांनी सवयीनं माझा चाकू त्याच्या पुढे धरला. त्यानं पात्याकडे बघितलंच नाही. मुठीच्या टोकाची शिंगाची जीभ अंगठ्यानं चाचपली.

"ह्ये म्हशीचं न्हाय," तो म्हणाला. "एडक्याचं शिंग हाय. आमच्याच एडक्याचं. माज्या बानं दिल्तं."

"किसकू?"

"तात्याला. आमच्या गावचा डावरा तात्या. बोरीला डोळं भरायला गावोगाव जायाचा." त्यानं दाखवलं. आधी पात्यानं गावठी बोरीची साल चिरायची, मग ह्या जिभेनं ती अलगद उचलायची, म्हणजे लाकूड दुखत नाही, आणि आत चांगल्या बोरीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला अंकुर, सरकवायचा. "लोहाराकडं बसून, उलटी धार काडून घेतल्याली त्यानं. लोक हसायचे. तुमाला कुटं घावला?"

मी चाचांची बाही ओढली. जाऊ द्या म्हणा. गप्प बसा म्हणा.

"है क्या तात्या?" चाचांनी विचारलं.

"हाय की." मेंढपाळ जरा थांबला. "हाय म्हंजे, हाय."

तो गेल्यावर मी सरळ सांगितलं, मला नाही जायचं. हंगाम अजून निम्मा राहिलाय. चाकू मी विकत घेतलाय. चाचांनी सहाणेवरचं पाणी बंद केलं. "तूच बोलली होतीस, चोरीचा असंल म्हणून नींद नहीं लगती. आता लगती?"

लागत नव्हती.

इस्त्रीचा पांढरा सदरा घालून चाचा एस.टी.त बसले ते लग्नाला निघाल्यासारखे. कंडक्टरच्या खिशातल्या पंचपासून समोरच्या बाईच्या कोयत्यापर्यंत सगळ्यांच्या धारेची चौकशी झाली. मी चाकू पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत होते.

तात्या अंगणातल्या बोरीखाली बाजेवर पडले होते. अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेली. चाकू बघून त्यांचा मुलगा ओशाळला. "घर सारवताना पोतं दिलं भंगारवाल्याला. त्यात ह्यो व्हता, मला काय ठावं?" तात्यांनी उजव्या हातानं चाकू घेतला, डाव्या तळहातावर ठेवला आणि डाव्या हाताचं एकेक बोट उजव्या हातानं वाकवून मुठीभोवती बसवलं. अंगठा खळगीत बसवला. मग उजवा हात काढून घेतला. बोटं तशीच राहिली, थोडा वेळ. मग चाकू गोधडीवर पडला.

"कुनाला येतंय?" त्यांनी विचारलं.

चाचांनी मला पुढे ढकललं. मुलानं बोरीची फांदी मोडून दिली. मी डाव्या हातानं डोळा काढून दाखवला. तात्यांनी तो ओठाजवळ नेऊन बघितला.

"अंगठा लई दाबतीस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "जमंल."

मला वाटलं आता देतील. अशा वेळी देतात, असं मला वाटत आलेलं. तात्यांनी चाकू चाचपडत उशीखाली सारला. "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या."

"हौ," चाचा लगेच म्हणाले. "मालकाचं हत्यार, मालकाकडं."

त्यांनी फक्त एवढंच मागितलं की थोडा वेळ तो कागदावर ठेवू द्या. वर्तमानपत्रावर चाकू ठेवून त्यांनी पेन्सिलीनं कडेनं रेघ ओढली, आडवा धरून जाडी घेतली, खळगीत बोट घालून खोली पाहिली. मुलानं ओशाळेपणानं त्यांचे दोन्ही खिसे बोरांनी भरले.

परतीच्या वाटेवर सांगोल्यापासून सोलापूरपर्यंत मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नाही. ते बोरं खात होते आणि बिया रुमालात जमवत होते. मला एक देऊ केलं, मी मान फिरवली. मनात म्हणत होते, ह्यांचं काय जातं? ह्यांचं दुकान आहे. स्टॅंड आल्यावर त्यांनी तो कागद माझ्या मांडीवर उघडला. "रो मत. मैं हूँ ना."

लोखंड कापायच्या मशिनचं मोडकं पातं त्यांनी कुठूनसं आणलं. मूठ शिसवीची, जुन्या पलंगाच्या पायाची. शिंगाचा तुकडा रशीदभाईंनी दिला. "मजाक के वास्ते," असं म्हणत दिला, पण घासून, गुळगुळीत करून दिला. राहिली धार. चाचांची सहाण एकाच दिशेला फिरायची आणि आयुष्यभर ते एकाच बाजूला बसून धार लावत आलेले. दुसऱ्या बाजूची धार सरळ काढायची तर दुसऱ्या बाजूला बसायला हवं. त्यांनी स्टूल उचलून पलीकडे ठेवलं. त्या बाजूला दुपारचं ऊन थेट तोंडावर येत होतं. काचेवर चमक येऊन पातं दिसेना, म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मी पाहिलं ते. चष्मा घाला, असं माझ्या तोंडून आलं नाही. माझं लक्ष पात्यावर होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी हातावर धार लावून बघितली. केस नव्हतेच, सवयीनं लावली. मग मला दिला. मी बरोबर आणलेल्या सीताफळाच्या काडीवर चालवला. पाचर सपाट आली. तात्यांच्या चाकूइतकीच. पुरेसं होतं. मला तेव्हाही कळत होतं की पुरेसं आहे. पण मी अशीच आहे, सगळं ठीक झालं की मला जास्त भीती वाटते.

"चाचा, टोकाकडं अजून जरा पातळ?"

"गोंदिया का हुकूम," ते हसून म्हणाले आणि पाय परत चालू केला.

ठिणग्या त्या बाजूनं त्यांच्याकडेच उडत होत्या. एकदम त्यांनी मान झटकली, डोळा मिटला. मी पुढे झाले. "कुछ नहीं. कचरा." रुमाल दाबून थोडं बसले. मग एक डोळा मिटलेलाच ठेवून त्यांनी टोक पूर्ण केलं. मी थांबवलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, आणि नेहमीसारखं सांगितलं, "गुस्से में कुछ काटना नक्को." बसमधला माझा राग त्यांनी त्यातच मोजून घेतला असावा.

पुढच्या बाजारी स्टूल पालथं होतं. त्याच्या पुढच्याही. मग कात्री शेठनं सांगितलं. चाचांचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज, गुलाबपाणी. डोळ्यात गुलाबपाणी घालून, फडकं बांधून ते घरी पडून राहिले होते. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, लोखंडाचा कण होता, लवकर यायला पाहिजे होतं.

मी त्यांच्या घरी गेले. चाचा झोपलेले, डोळ्यावर पट्टी. चाचीला मी पहिल्यांदाच बघत होते. मी कोण हे तिला सांगावं लागलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. ती भिंतीला टेकून बघत राहिली.

"तेरे झाडां जिए?" तिनं विचारलं.

"जिए."

"बस," ती म्हणाली.

त्या एका शब्दात माफी होती की दुसरं काही, मला अजून कळलेलं नाही. ती आत गेली, चहा घेऊन आली. कप माझ्यापुढे ठेवला, मग जरा थांबली आणि उचलून माझ्या डाव्या हाताशी ठेवला.

तो हंगाम निघाला. पुढचाही निघाला. इरव्वा आता नव्या बायांना माझ्या कोपऱ्यात आणून दाखवते. "हिच्याकडनं शिका. हात मात्र तुमचाच वापरा." बहिणीचं नर्सिंग शेवटच्या वर्षाला आलंय. तिला फोनवर चाचांच्या डोळ्याबद्दल विचारलं तर ती पुस्तकातलं सांगते आणि शेवटी म्हणते, ताई, त्यात तुझी काय चूक? सगळे हेच म्हणतात. चाचा तर चिडतातच. "मेरा आँख, मेरा कचरा. तू बीच में कायकू आती?"

एकदा मी म्हटलं, चाकूवर तुमचं नाव तरी घाला. कुणाला कळणार, कुणी केला? चाचा म्हणाले, "नाम कायकू? उद्या हरवला तर ज्याला सापडंल त्यालाही थोडं काम राहू दे."

परवा बाजारच्या दिवशी गेले तर ते गिऱ्हाइकावर ओरडत होते, "इधर से, इधर से आओ!" चाचा आता कायमचे सहाणेच्या पलीकडच्या बाजूला बसतात. उजव्या डोळ्यानं धड दिसत नाही, त्या बाजूला बसलं की डावा डोळा पात्याजवळ येतो. जुनी गिऱ्हाइकं अजून सवयीनं अलीकडून येतात आणि त्यांच्या पाठीशी बोलत उभी राहतात. चष्मा मात्र नाकावर असतो. पत्र्याला फडकं बांधून उन्हाला आडोसा केलाय. "मैं भी डावरा हो गया, गोंदिया. तेरी सोबत लगी." बोलता बोलता त्यांनी सहाणेखालचा डबा काढला, त्यातलं लोखंडाच्या चुऱ्यानं काळं झालेलं पाणी गटाराच्या कडेला ओतलं. तिथं फरशीच्या फटीतून वीतभर बोरीचं रोप आलंय. तात्यांच्या बोरांच्या बिया त्यांनी बसमध्ये रुमालात बांधल्या होत्या, त्यातली एक तिथं दाबली होती. शेळीनं खाऊ नये म्हणून वर सायकलची मोडकी जाळी ठेवलीय.

"तात्या की बोर आएगी, देख. वैसी ही मीठी."

येणार नाही. बी पेरून आलेलं झाड गावठी निघतं, फळ आंबट, गर थोडा आणि सगळी आठोळी. आम्हाला नर्सरीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी चाचांना सांगितलं नाही.

त्या रोपाचं खोड पेन्सिलीएवढं जाड होऊ दे. पावसाळ्यात मी सांगोल्याकडे जाईन, तात्यांच्या अंगणातल्या बोरीवरचा डोळा ओल्या फडक्यात बांधून आणीन. तात्या असले तर त्यांना विचारून, नसले तर त्यांच्या मुलाला विचारून. मग सात रस्त्याच्या गर्दीत, कात्री शेठ, विळी मॅडम, हवालदार, सगळे बघत असताना, गटाराच्या कडेला बसून, चाचांनी केलेल्या चाकूनं, डाव्या हातानं तो डोळा भरीन. त्यांच्या डाव्या बाजूला बसीन, म्हणजे त्यांना दिसेल. चाचा, अंगठा जास्त दाबणार नाही. आणि पहिलं बोर तुमच्या हातावर ठेवल्याशिवाय मी गोंदियाला परत जाणार नाही.